मानवत रोड ते ऑगस्ट क्रांती मैदान : प्राइडबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखादा शिक्का बसला की तो किती वर्षं पुसत नाही, हे मानवतकरांना वेगळं सांगायला नको. १९७०च्या दशकात मानवतमध्ये झालेल्या खून-मालिकेला पन्नास वर्षं उलटली. गाव कापसाच्या बाजारावर जगतं, पोरं पुण्याला जाऊन एमपीएससीचा अभ्यास करतात. पण बाहेर कुठं गावाचं नाव सांगितलं की समोरचा आधी त्याच प्रकरणाचं विचारतो. २०२४मध्ये त्यावर वेब सिरीज आली आणि पुन्हा तेच सुरू झालं. एका प्रकरणावरून अख्ख्या गावाची पारख करायची ही खोड किती वाईट, ते आपण सोसलंय. तरी प्राइडच्या पदयात्रेच्या बाबतीत आपण तेच करतो. कुणीतरी ग्रुपवर टाकलेली पंधरा सेकंदांची क्लिप बघायची आणि हजारो माणसांचा निकाल लावून मोकळं व्हायचं.

समलिंगी, उभयलिंगी, तृतीयपंथी माणसांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी भर रस्त्यातून काढलेली पदयात्रा म्हणजे प्राइड. ती मुंबईत, पुण्यात, नागपुरात निघते. मानवतात निघत नाही. इथल्या कुणाला ती बघायची तर प्रवास आला, आणि प्रवास म्हटलं की मित्र आले. ज्याला मनापासून जायचंय तो कसाही जातो. परीक्षेचं निमित्त काढून जातो, एकटा जातो. गैरसमजांमुळं मागं फिरतो तो सोबत येणारा. ‘मी गेलो तर मला काय म्हणतील?’ या एका प्रश्नापाशी त्याची बॅग भरायची राहते. पुढचं सगळं मुख्यतः त्या सोबत्यासाठी आहे.

गैरसमज : हे परदेशी फॅड आहे. आपल्याकडं असलं काही नव्हतं.

वस्तुस्थिती : पदयात्रेची पद्धत बाहेरून आली, हे खरं. जून १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड घातली, गिऱ्हाइकांनी प्रतिकार केला आणि वर्षभरानं त्या दिवसाच्या आठवणीत मोर्चा निघाला. इंद्रधनुषी झेंडा गिल्बर्ट बेकर यांनी १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केला. तेव्हा त्यात आठ पट्टे होते, आता बहुधा सहा असतात. भारतातली पहिली यात्रा कोलकात्यात २ जुलै १९९९ला निघाली, तीत जेमतेम पंधरा माणसं होती. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानातून ‘क्विअर आझादी’चा पहिला मोर्चा निघाला. जिथून ‘चले जाव’ची हाक दिली गेली तेच हे मैदान. इंग्रज गेले, पण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं त्यांचं कलम ३७७ अजून आमच्या मानगुटीवर आहे, असं त्या दिवसाचं म्हणणं होतं.

मोर्चाची रीत बाहेरची असली तरी चालणारी माणसं इथलीच आहेत. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’चा उल्लेख आहे, हे अनेकांनी ऐकलेलं असतं. पण इतकं मागं जायची गरज नाही. मानवत १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानात १३२९ फसली, म्हणजे १९१९च्या सुमारास, तृतीयपंथीयांविरुद्ध खास कायदा झाला. त्यांची नोंदवही ठेवायची आणि बायकी कपडे-दागिने घालून कुणी रस्त्यावर दिसला, नाचला-गायला तर वॉरंटाशिवाय अटक करायची, अशी त्यात तरतूद होती. इंग्रजांचा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा साधारण याच वळणाचा. ‘असलं काही’ आपल्याकडं नव्हतंच, तर सरकारनं नोंदवही कुणाची ठेवली? तेलंगणात हा कायदा कागदावर तसाच उरला होता. तिथल्या उच्च न्यायालयानं तो जुलै २०२३मध्ये रद्द केला.

मराठी वाचकाचाही दाखला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत. वाचक त्यांना लैंगिक जीवनाबद्दल खाजगी शंका विचारत आणि त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न असे. अशाच उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हॅवलॉक एलिस या अभ्यासकाचा आधार देत, अशी ओढ निसर्गतःच असेल तर त्यात गैर काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस मराठी मासिकाला हे विचारत होता आणि बाबासाहेबांना त्या प्रश्नासाठी कोर्टात उभं राहावंसं वाटलं, एवढं तर सिद्ध झालं.

गैरसमज : ही शहरातल्या श्रीमंत पोरांची भानगड. खेड्यात हे चालायचं नाही.

वस्तुस्थिती : सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे. २०१७मध्ये तिथल्या मतदारांनी तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिलं. मतदान खेड्यातल्याच लोकांनी केलं.

दुसरं गाव जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक. ग्रामपंचायतीला अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेसाठी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून निवडणूक अधिकाऱ्यानं तो फेटाळला. त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडं गेल्या. आपलं लिंग काय हे त्या व्यक्तीनं स्वतः सांगायचं, असं म्हणत खंडपीठानं जानेवारी २०२१मध्ये त्यांना महिला म्हणून लढायची मुभा दिली आणि त्याच महिन्यात त्या निवडूनही आल्या. मानवतचा माणूस जमिनीच्या दाव्यासाठी ज्या खंडपीठाच्या पायऱ्या चढतो, तेच हे खंडपीठ.

गैरसमज : मोर्चा बेकायदेशीर आहे. पोलीस उचलतील.

वस्तुस्थिती : पदयात्रा काढणं हा गुन्हा कधीच नव्हता. गुन्हा होता तो प्रौढांच्या समलिंगी संबंधांचा, इंग्रजांनी १८६०च्या दंडसंहितेत घातलेल्या कलम ३७७मुळं. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ला त्यातून सज्ञान आणि राजीखुशीचे संबंध बाहेर काढले. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं की सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीनं ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही. या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासानं माफी मागायला हवी, अशा आशयाचं न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी त्यात लिहिलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही.

मोर्चाला कुठल्याही मोर्चासारखी पोलिसांची परवानगी लागते. ती आयोजक काढतात आणि बंदोबस्ताला पोलीस सोबत चालतात. ही परवानगी नेहमी मिळतेच असं नाही. २०२०मध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून निघायला परवानगी नाकारली गेली आणि लोक आझाद मैदानावर जमले. म्हणून निघण्याआधी आयोजकांनी जाहीर केलेलं ठिकाण आणि वेळ तपासून घ्यावी. गेल्या वर्षीच्या पोस्टवर विसंबू नये.

याची उलटी समजूतही कानावर येते : ‘आता सगळे हक्क मिळालेत, मग मोर्चा कशाला?’ लग्नाचा हक्क मिळालेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेकडं सोपवला. वीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या जोडीदाराला वारसदार म्हणून कायद्यानं आपोआप काही मिळत नाही. मोर्चाला विषय भरपूर शिल्लक आहेत.

गैरसमज : तिथं नुसता नंगानाच असतो.

वस्तुस्थिती : क्लिपमध्ये दिसतो तो माणूस तिथं असतो, हे नाकारायचं कारण नाही. कुणी तोकड्या कपड्यांत येतं, कुणी अंगभर चमकी लावतं. त्याच्या मागंपुढं चालणारे शेकडो लोक क्लिपमध्ये येत नाहीत. नऊवारी नेसून, नथ घालून आलेली माणसं, जीन्स-टीशर्टातली कॉलेजची पोरं, वकील, डॉक्टर, कंपनीचा बॅनर धरलेले कर्मचारी, ‘माझं लेकरू, माझा अभिमान’ अशा अर्थाचे फलक धरलेल्या आया. वरातीत एक जण पिऊन रस्त्यात लोळला म्हणून लग्न लोळायसाठीच होतं, असं आपण म्हणत नाही.

यात्रेला तिकीट नसतं, ओळख लागत नाही, कुणी नाव विचारत नाही. घोषणा देत, नाचत, थांबत-थांबत दोन-तीन तास चालायचं असतं. रात्रीच्या पार्ट्या हा वेगळा, पैसे मोजून जायचा कार्यक्रम. त्याचा मोर्चाशी संबंध नाही. आणि आनंदाबद्दल सफाई देत बसायचीही गरज नाही. वर्षातले उरलेले सगळे दिवस मान खाली घालून चालणारा माणूस एक दुपार मोकळेपणानं नाचला, तर त्यात कुणाचं काय गेलं?

गैरसमज : प्राइड जूनमध्येच असते.

वस्तुस्थिती : जगात जून हा प्राइडचा महिना, कारण स्टोनवॉल जूनमधलं. पण मानवतात जून म्हणजे पेरणी. कापूस, सोयाबीन, तूर शेतात उतरवायची धांदल असते आणि मित्रांपैकी निम्मे तरी घरच्या शेतात अडकलेले असतात. मुंबईची मुख्य पदयात्रा बहुधा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शनिवारी निघते. तोवर कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, त्यामुळं आपल्याकडच्या पोरांना ती सोयीची. पुण्यात पहिली यात्रा डिसेंबर २०११मध्ये समपथिक ट्रस्टच्या पुढाकारानं निघाली. अलीकडं ती जूनच्या आसपास असते. नागपुरात सारथी ट्रस्टनं २०१६पासून सुरुवात केली. तारखा दरवर्षी बदलतात.

प्रवासाचं म्हणाल तर मानवत रोड स्टेशन गावात नाही. तिथवर रिक्षा नाहीतर कुणाची तरी मोटारसायकल. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या मुंबईच्या गाड्या याच जालना-मनमाड मार्गानं धावतात. अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे एक रात्र किंवा एक अख्खा दिवस डब्यात. पुण्याला जायचं तर पाथरी, माजलगावकडून जाणारी रात्रीची ट्रॅव्हल्स. राहायची सोय ओळखीच्या पोरांच्या रूमवर आधी ठरवलेली बरी. दोन मुलांना किंवा दोन मुलींना खोली देऊ नये असा कायदा नाही, पण लॉजच्या काउंटरवर रात्री अकराला कायद्याचा वर्ग घ्यायची वेळ येऊ नये.

गैरसमज : गेलेला प्रत्येक जण ‘तसलाच’.

वस्तुस्थिती : सोबत चालणाऱ्यांत मित्र, भावंडं, आईवडील, शेजारी मोठ्या संख्येनं असतात. मुंबईत ‘स्वीकार – द रेनबो पॅरेंट्स’ नावाचा पालकांचा गट आहे. आपल्या मुलांसाठी ते मोर्चात चालतात आणि नव्यानं कळलेल्या पालकांशी बोलतात. गर्दीत चेहरा बघून कोण समलिंगी, कोण मित्र, हे कुणाला सांगता येत नाही. सोबत्याच्या असण्याचा फायदा नेमका इथं आहे. सगळेच आले की कुणा एकाकडं बोट दाखवता येत नाही.

‘मला तसलं समजले तर?’ ही भीती ज्याला वाटते त्यानं एवढाच विचार करावा की मित्राला ही भीती रोज वाटते आणि त्याला ती डब्यात सोडून उतरता येत नाही.

गैरसमज : असल्या संगतीनं पोरं बिघडतात. वेळीच डॉक्टरला दाखवावं, नाहीतर लग्न उरकून टाकावं.

वस्तुस्थिती : समलैंगिकता संगतीनं लागत नाही. लागली असती, तर आयुष्यभर चहूबाजूंनी स्त्री-पुरुषांची लग्नं बघून सगळे समलिंगी केव्हाच ‘सुधारले’ असते. अमेरिकी मानसोपचार संघटनेनं १९७३मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९०ला काढली. हा आजार नाही, असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं. आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की ‘बरं करण्याचे’ असले उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन मानावं. कुणी इंजेक्शन, शॉक, बाबा किंवा अंगारा सुचवत असेल तर तिथून उठावं.

लग्नाचा उपाय त्याहून घातक, कारण त्यात ज्याचा काही दोष नाही असा दुसरा जीव भरडतो. तेलगाव नाहीतर सोनपेठकडची कुणाची तरी लेक नवऱ्याचं मन का लागत नाही याचं कारण स्वतःत शोधत राहते, आणि मूल होईना म्हणून बोल तिलाच लागतात.

मन फार खचलं असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही.

गैरसमज : गे, तृतीयपंथी, सगळे एकच.

वस्तुस्थिती : कुणाची ओढ कुणाकडं, हा एक प्रश्न, आपण पुरुष, स्त्री की आणखी काही, हा दुसरा. गे पुरुष स्वतःला पुरुषच समजतो, त्याला पुरुष आवडतो. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली ट्रान्स स्त्री स्वतःला स्त्री म्हणून ओळखते. दोघांच्या अडचणी वेगळ्या, म्हणून निकालही वेगळे. तृतीयपंथीयांना कायद्यानं ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा नाल्सा निकाल १५ एप्रिल २०१४चा. २०१९च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र देण्याची सोय केली. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं.

मोर्चात हे सगळे एकत्र चालतात, तेव्हा सोबत्यानं कुणाला काय म्हणायचं याचा धसका घेऊ नये. समोरचा स्वतःला ज्या नावानं सांगतो त्या नावानं हाक मारली की झालं. कळलं नाही तर विचारावं. ‘दादा की ताई?’ असं नीट विचारलेलं कुणाला लागत नाही, फिदीफिदी हसलेलं लागतं.

गैरसमज : पोरींमध्ये असलं काही नसतं.

वस्तुस्थिती : असतं; दिसत नाही, कारण पोरींना एकटीनं ट्रॅव्हल्सनं पाठवायलाच घर तयार नसतं. मुंबईत ‘स्त्री संगम’ हा समलिंगी स्त्रियांचा गट १९९५मध्ये उभा राहिला. त्याच्याही आधी विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये अशी नायिका मराठी रंगभूमीवर आणली होती. दोन मैत्रिणींचं एकमेकींवाचून पान हलत नाही, तेव्हा घर कौतुक करतं. त्यातल्या एकीचं स्थळ ठरलं आणि ती जेवायची थांबली, की मग ‘काहीतरी लागिर झालंय’. मुलींच्या बाबतीत सोबतीची गरज दुप्पट आहे. मैत्रिणींचा घोळका असेल तरच तिला घरातून पाय काढता येतो.

गैरसमज : पेपरात फोटो आला की गावभर होतं. त्यामुळं न गेलेलं बरं.

वस्तुस्थिती : यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पहिल्या काही वर्षांत भारतातल्या मोर्चांत लोक मुखवटे घालून चालत, ते याच कारणानं. आज वार्ताहरापेक्षा जास्त धोका आपल्याच खिशातल्या मोबाइलचा. सोबत्यानं ‘लय भारी माहोल’ म्हणून स्टेटस टाकलं, मागं मित्राचा चेहरा आला, आणि त्याच्या चुलत्यानं ते दुपारच्या चहाला पाहिलं, की त्या पोराचं घर त्या संध्याकाळपासून बदलतं. कुणाची ओळख त्याच्या परवानगीशिवाय उघड करणं, भले ते कौतुकानं का असेना, ही त्याच्या आयुष्याशी केलेली ढवळाढवळ आहे.

उपाय सोपे आहेत. चेहऱ्यावर रंग किंवा मास्क लावावा. तिथं कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मित्राचे फोटो काढायच्या आधी विचारावं आणि टाकायच्या आधी पुन्हा विचारावं. लोकेशन टाकू नये. परतीच्या गाडीत बसण्याआधी चमकी, काजळ पुसून कपडे बदलायला अर्धा तास राखून ठेवावा. घरी काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून एकच ठरवावं, कारण जाणं उघडं पडतं ते चार जणांच्या चार कहाण्यांमुळं. आणि ज्याला अजून तयारी वाटत नाही त्याला ‘चल रे, काही होत नाही’ म्हणून ओढू नये. कधी, कुणाला, किती सांगायचं, हे ठरवायचा हक्क फक्त त्याचा.

गैरसमज : मोर्चाला गेलो, कर्तव्य संपलं.

वस्तुस्थिती : ऑगस्ट क्रांती मैदानात मित्राच्या बाजूनं हजारो माणसं असतात. तिथं तुम्ही नसलात तरी त्याचं भागतं. मानवतात त्याच्या बाजूनं तुम्ही आणि फार तर आणखी एक-दोघं. कट्ट्यावर कुणी चालण्या-बोलण्यावरून एखाद्याला ‘बायल्या’ म्हणून चिडवलं की त्यात हसायचं नाही, आणि ‘त्यात हसण्यासारखं काय आहे?’ एवढं विचारायचं. त्याच्या लग्नाचा विषय चारचौघांत काढायचा नाही. घरच्यांनी दमदाटी केली, तर रात्री यायला त्याला एक दार माहीत असावं. यातल्या कशासाठीही रेल्वेचं तिकीट लागत नाही आणि मित्राचं गुपितही फोडावं लागत नाही. गाडीचं रिझर्वेशन मिळालं तर जरूर जा. नाही मिळालं, तरी सोबत करायची राहून गेली असं समजू नका.